बेज की निळा? दुकानात ठरवू नका

घर रंगवताना लांबी (पुट्टी), घासकाम, प्रायमर रंगारी बघून घेतो. आपण फक्त शेड ठरवायची, आणि नेमकं तेच लोक दुकानाच्या काउंटरवर उभ्याउभ्या उरकतात. शेडकार्डावरून दोन बेज, दोन निळे निवडा, सॅम्पलच्या छोट्या डब्या घरी आणा.

आता खरी मेख. भिंतीवर शेजारीशेजारी पट्टे मारायला रंगारी तयारच असतो, त्याला थांबवा. बेजच्या शेजारी निळा आणखी निळा दिसतो आणि बेज उगाच पिवळा. खालचा जुना रंग नजर फसवतो तो वेगळाच. त्यापेक्षा २ बाय २ फुटांचे पांढरे पुठ्ठे घ्या, कडेने दोन बोटं कोरी सोडा, दोन हात मारा आणि पूर्ण वाळू द्या. इमल्शन (भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग) वाळल्यावर बहुतेक वेळा गडद होतं, त्यामुळे ओल्या रंगावर कुणाचंही मत घेऊ नका, सासूबाईंचंसुद्धा. मग एका वेळी एकच पुठ्ठा भिंतीला उभा लावा, खालची कड फरशीला टेकवून. हिरवट कोटा फरशीजवळ गुलाबी झाकेचा बेज हमखास जास्तच गुलाबी दिसतो.

सकाळी बघा, दुपारी चारला बघा, आणि रात्री दिवे लावून बघाच. २७०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप) पिवळ्या बल्बखाली फिका निळा मळकट, हिरवट वाटतो. ६५०० च्या पांढऱ्या ट्यूबखाली बेज राखाडी पडतो. आकडा बल्बच्या खोक्यावर छापलेला असतो. बल्ब बदलायचे असतील तर आधी ते बदला, मग रंग बघा.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या अरुंद गल्लीत समोरच्या घराचा रंगही खोलीत येतो. समोर विटकरी भिंत असेल तर बेजवर लाली चढणारच. पश्चिमेच्या खोलीत बडोद्याचं मे महिन्याचं ऊन बेजला पार हळदीचा करून टाकतं. तिथे मी डोळे मिटून राखाडीकडे झुकणारा निळा घेईन. उत्तरेच्या खोलीत मात्र निळा उदास वाटतो, तिथे बेजच. आणि निळ्याने खोली थंड राहते म्हणणाऱ्यांना गच्चीवर पांढरा चुना मारायला सांगा, गारवा त्याने येतो.

छत पांढरं ठेवा. एका शेडचे सगळे डबे दुकानातून एकदमच मिक्स करून घ्या, झाकणावरच्या शेड कोडचा फोटो काढा. थोडा रंग उरवाच, गणपतीआधी टचअपला लागतो.