बारा बोअरची जादा काडतुसं : बाळगताना आणि भरताना या चुका टाळा

गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत पीकरक्षणासाठी बंदुकीचा परवाना असलेली घरं आजही आहेत. भिंतीवर किंवा कपाटात असते ती बहुधा बारा बोअरची एकनळी नाहीतर दुनळी. दुनळीत दोन बार. ते झाले की पुढची दोन काडतुसं आत जाईपर्यंत हातात नुसती काठी उरते. बंदूक साफ करण्यावर, तेल घालण्यावर लोक भरपूर बोलतात. पण अंधारात, पावसात, घाबरलेल्या बोटांनी ती पुन्हा भरायची कशी, याचा सराव करणारे फार थोडे. माझ्या मते परवाना मिळवण्याइतकंच हे महत्त्वाचं आहे.

काडतुसं खिशात सुटी टाकणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. पँटच्या खिशात चार काडतुसं, त्याच खिशात किल्ल्या, सुटे पैसे, सुपारी कातरायचा अडकित्ता. हात घातला की आधी किल्ली लागते, काडतूस आलंच तर उलटं येतं. पावसाळ्यात तर वरून रेनकोट. कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, रात्री फेरी मारताना कोणी खिशातून काडतूस काढून दाखवावं : आधी रेनकोट वर करायचा, मग ओला हात ओल्या खिशात घालायचा, मग चाचपडायचं. तेवढ्यात समोरचा गवा कुठल्या कुठे गेलेला असतो किंवा अंगावर आलेला असतो.

काडतुसांची जागा एकच हवी, आणि रेनकोटच्या वर हवी. कमरेचा पट्टा सगळ्यात सोपा. दुनळीवाल्याने काडतुसं उजव्या बाजूला ठेवावीत, कारण उजव्या अंगठ्याने कळ दाबून बंदूक मोडली, म्हणजे बिजागरीतून उघडली, की डावा हात नळ्यांखाली राहतो आणि मोकळा होतो तो उजवा. पंप अॅक्शनचं (नळीखालची मूठ मागेपुढे ओढून चालवायच्या बंदुकीचं) बरोबर उलटं : उजवा हात दस्त्यावर राहतो, भरतो बहुतेक वेळा डावा, म्हणून काडतुसं डाव्या बाजूला. डावखुऱ्यांनी हे सगळं आरशात बघावं तसं फिरवून घ्यावं. आणि सगळ्या काडतुसांची पितळी बुडं एकाच दिशेला असू द्या. वर की खाली, ते तुमच्या बोटांना विचारा, पण एकदा ठरलं की बदलू नका.

दस्त्यावर चढवायची इलॅस्टिकची पट्टीही चांगली. फक्त ती सैल झाली की काडतूस झुडपात गळून पडतं आणि कळतही नाही. बंदुकीच्या अंगाला स्क्रूने बसवायचा काडतूसधारक असेल तर स्क्रू गच्च आवळू नका. काही पंप गनमध्ये जास्त आवळल्याने आतली हालचालच अडखळते.

चामड्याच्या पट्ट्यात काडतुसं विसरणं

चामड्यातल्या टॅनिनमुळे पितळेवर हिरवट थर चढतो. गोव्याच्या जून-जुलैच्या हवेत हे फार लवकर होतं. असं काडतूस पट्ट्यातून ओढताना अडकतं, नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायचं जे घर असतं त्यात अर्धवट बसतं आणि बंदूक बंदच होत नाही. कागदी टरफलाची जुनी काडतुसं तर दमटपणाने फुगतात. पट्टा फेरीपुरता. घरी आल्यावर काडतुसं काढून, फडक्याने पुसून, हवाबंद डब्यात कुलपाखाली. बंदूक वेगळी, काडतुसं वेगळी. घरात मुलं असतील तर यात सवलत नाही.

काडतुसांची सरमिसळ

ही चूक जिवावर बेतू शकते. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्यापेक्षा बारीक असतं, ते बारा बोअरच्या घरात पडतं, पुढे सरकून नळीत अडकतं आणि बंदूक रिकामी वाटते. त्याच्या मागे बारा बोअरचं काडतूस अगदी व्यवस्थित बसतं. चाप ओढला की नळी फुटते. वीस बोअरची काडतुसं पिवळी करायची पद्धत पडली ती याचसाठी. घरात दोन्ही बोअरच्या बंदुका असतील तर दोन्हींची काडतुसं एका पट्ट्यात, एका डब्यात कधीच नको.

दुसरी गोष्ट लांबीची. आजोबांच्या काळातल्या अनेक दुनळ्यांचं घर ६५ मिलिमीटरचं असतं, आज मिळणारी बरीच काडतुसं ७० ची. काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार झाल्यावर उघडलेल्या टरफलाची असते, म्हणून ७० चं काडतूस ६५ च्या घरात सहज जातं आणि फसवतं. आत उघडायला जागा नसल्याने दाब वाढतो. नळ्या काढून खालच्या सपाट बाजूवरचा आकडा वाचा. वाचता येत नसेल तर बंदूक जाणकार दुरुस्तीवाल्याला दाखवल्याशिवाय वापरू नका.

भरताना अडकते कुठे

साध्या दुनळीत बंदूक मोडल्यावर रिकामी टरफलं थोडीच वर येतात, पूर्ण बाहेर उडत नाहीत. लोक नखाने एकेक ओढत बसतात. नळ्यांचं तोंड सुरक्षित दिशेने वर करून झटका दिला तर ती बरेचदा आपोआप पडतात. मगच तोंड खाली करून नवी घाला. दोन काडतुसं एकदमच बोटांच्या बेचक्यात धरायची सवय लावली तर दोन्ही घरं एका हालचालीत भरतात. पंप गनमध्ये काडतूस खालच्या नळीत ढकलताना खटका ऐकू येईपर्यंत ढकला. अर्धवट ढकललेलं मागे सरकतं आणि सगळं जाम करतं.

आणि टॉर्च! डाव्या हातात टॉर्च धरून दुनळी भरता येत नाही, तोंडात धरली तर उजेड भलतीकडे जातो. कपाळावर बांधायची टॉर्च घ्या. यावर झालेला खर्च काडतुसांवरच्या खर्चापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

सराव जिवंत काडतुसांनी करणं

घरात कधीही नको. विक्रेत्याकडून डमी काडतुसं घ्या, वेगळ्या रंगाची. खोलीत एकही खरं काडतूस नाही हे आधी बघा, दोन्ही घरांत बोट घालून तपासा, मग सुरू करा. रोज थोडा वेळ पुरे : नजर समोर, हात पट्ट्याकडे. आधी उजेडात, मग दिवा मालवून, मग रेनकोट चढवून. वेगाच्या मागे लागू नका, चाचपडणं थांबलं की वेग येतो. खरे बार फक्त परवानगी असलेल्या रेंजवर.

सरावात एक टप्पा जाणीवपूर्वक घाला : भरण्याआधी एक पाऊल आडोशामागे, माडाच्या किंवा भिंतीच्या, आणि भरून झाल्यावर चाप ओढण्याआधी पुन्हा समोर बघणं. धोका टळला असेल तर तिसरा बार स्वसंरक्षण राहत नाही. जनावराच्या बाबतीतही तसंच. १९७२ चा वन्यजीव कायदा जीव वाचवण्यासाठी सद्हेतूने केलेल्या कृतीला संरक्षण देतो, पण पळून चाललेल्या गव्यावर झाडलेल्या बाराला नाही. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी आहे आणि पीकरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे.

निवडणुकीनंतर तशीच बंदूक वापरणं

निवडणुकीत जमा केलेली बंदूक परत आली की लोक तेल पुसून कोपऱ्यात ठेवतात. नळीतून उजेडाकडे बघा, अर्थातच बंदूक मोडून आणि रिकामी करून. कुंभारीण माशीने आत मातीचं घर बांधलेलं असू शकतं, आणि अडथळा असलेल्या नळीत बार झाला तर नळी फुगते किंवा फाटते. इतके दिवस हातालाही सवय राहिलेली नसते, म्हणून डमीचा सराव त्याच आठवड्यात परत सुरू करा.

काडतुसांचा साठा परवान्यावर लिहिलेल्या आकड्यातच ठेवा. पावसाळाभर वापरात राहिलेली काडतुसं गणेशचतुर्थीनंतर वेगळी काढा, बूड आणि त्यातली टोपी (जिच्यावर ठोका बसून बार होतो ती) तपासा. हिरवी पडलेली, फुगलेली विहिरीत किंवा चुलीत टाकायची नाहीत. ती विक्रेत्याकडे न्या आणि त्यांचं काय करायचं ते विचारा.