ट्रॉलीचे मागचे दिवे मिणमिणतात? आधी अर्थ वायर तपासा

गळीत हंगामात पेठ-सांगली रस्त्यावर रात्री उसाच्या डबल ट्रॉल्या चालतात आणि बऱ्याच ट्रॉल्यांचे मागचे दिवे जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. मग बल्ब बदलला जातो, होल्डर बदलला जातो, तरी उजेड तेवढाच. दोष बहुतेक वेळा अर्थचा, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीचा असतो.

ब्रेक दाबला की इंडिकेटरही मंद पेटतो का? खड्ड्यातून जाताना दिवे उघडझाप करतात का? मग आधी अर्थच बघा. करंटला बॅटरीकडे परतायला सरळ वाट मिळाली नाही, तर तो शेजारच्या बल्बच्या तारेतून वाट काढतो. ज्या ट्रॉलीला वेगळी अर्थ वायर नाही, तिची परतीची वाट हुक आणि पिनमधून जाते. तिथे ग्रीस, धूळ, गंज, शिवाय पिन सतत हलणारी.

आता थोडा हिशेब. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. 21 वॅटचे दोन ब्रेक बल्ब, 5 वॅटचे दोन टेल बल्ब आणि एका बाजूचा 21 वॅटचा इंडिकेटर मिळून 73 वॅट, म्हणजे 12 व्होल्टवर साधारण 6 अँपिअर. ब्रेकच्या वायरीतून त्यातले साडेतीनच जातात, टेलच्या वायरीतून त्याहून कितीतरी कमी. अर्थमधून मात्र सगळे सहा परततात. म्हणून अर्थची वायर सगळ्यांत जाड हवी. प्रत्यक्षात तिथेच उरलेसुरले तुकडे जोडलेले दिसतात. 0.75 स्क्वेअर एमएमची 10 मीटर तांब्याची वायर सुमारे 0.23 ओहम अडवते. सहा अँपिअरला तिच्यातच 1.4 व्होल्ट खर्च होतात. तीच वायर 2.5 ची घातली तर 0.4 च्या आसपास. साध्या बल्बला 10 टक्के व्होल्टेज कमी मिळाले की उजेड जवळजवळ 30 टक्क्यांनी घटतो.

मोजताना बल्ब काढून होल्डरवर मीटर (मल्टिमीटर) लावू नका. करंट वाहत नसेल तर गंजलेल्या पिनमधूनही मीटर पूर्ण 12 दाखवतो आणि आपण फसतो. दिवा पेटलेला असतानाच मोजायचे. मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. मीटरच्या वायरी मागेपर्यंत पुरत नाहीत, म्हणून काळ्या वायरीला एक लांब सुटी वायर जोडून तिचे टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि लाल पिन होल्डरच्या पत्र्यावर टेकवा. येणारा आकडा म्हणजे अर्थमध्ये वाया गेलेले व्होल्ट. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक. एक-दीड आला तर लाल पिन पुढे पुढे आणत जा. ट्रॉलीच्या चासीवर, हुकवर, मग ट्रॅक्टरच्या बॉडीवर. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम पडतो, दोष तिथेच. पॉझिटिव्ह बाजू तशीच तपासा: लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी बल्बच्या मधल्या टोकाला.

दुरुस्तीला आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून ट्रॉलीच्या दिव्यांची वायरिंग ट्रॅक्टरला जोडणाऱ्या सात पिनी सॉकेटच्या 3 नंबरच्या पिनपर्यंत आणि तिथून थेट प्रत्येक दिव्यापर्यंत 2.5 ची वायर ओढा. 3 नंबर अर्थसाठीच असतो, पण जुन्या ट्रॉलीत कोणी काय जोडले असेल सांगता येत नाही, म्हणून खात्री करून घ्या. जोड पिळून टेप मारू नका, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून बसवा. चासीवर घेताना रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, दातेरी वॉशर घालून नट आवळा आणि ग्रीस त्यानंतर वरून लावा. दोन ट्रॉल्या असतील तर करंट दुप्पट आणि अंतरही जास्त, त्यामुळे अर्थ 4 ची घ्या. वायर चासीच्या आतल्या बाजूने, पाइपातून न्या; लोंबती राहिली तर पाचटात अडकून तुटतेच. हुकपाशी वळणापुरता ढील ठेवा.

एका ट्रॉलीला 10 अँपिअरचा फ्यूज पुरतो. तो उडत असेल तर कुठेतरी वायर सोलून पत्र्याला लागली आहे. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घातली की जळते ती वायर.

ट्रॉलीवर वेल्डिंग करायचे असेल तर आधी सॉकेट काढा आणि वेल्डिंगचा अर्थ चिमटा कामाच्या अगदी जवळ लावा. नाहीतर वेल्डिंगचा करंट नव्या अर्थ वायरीतून परतू बघतो आणि तिचे आवरण वितळून जाते.