‘सगळं ठीक आहे, मॅडम’ : माजी सैनिकांच्या व्यसनमुक्ती विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

या विभागात रुजू झाले तेव्हा एक गोष्ट मला कुणी बजावून सांगायला हवी होती. ती कळायला मला सहा वर्षं लागली आणि तिची किंमत माझ्याऐवजी दुसऱ्याच माणसाने मोजली. म्हणून हे लिहायला बसले आहे. केस हिस्टरी कशी घ्यायची, ग्रुप कसा चालवायचा, गोपनीयतेची हद्द कुठे संपते, हे सगळं तुम्ही पदवीला शिकून आला आहात. ते मी पुन्हा शिकवत नाही.

गोष्ट एवढीच आहे : माजी सैनिक शिस्तीत वागतो आणि आपण त्या शिस्तीलाच सुधारणा समजून बसतो.

माझे एक रुग्ण, निवृत्त सैनिक, भरती झाले तेव्हा पाण्याचा पेला त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागत होता, तरी अर्धं पाणी शर्टावर सांडत होतं. वीस वर्षांहून जास्त सेवा झालेली, निवृत्तीनंतरची सगळी वर्षं दारूत गेलेली. पहिला आठवडा कठीण गेला. आठवडा सरला आणि माणूसच बदलला. वॉर्डात सगळ्यांच्या आधी उठायचे. चादर अशी ताणून घालायचे की कोपऱ्यात एक सुरकुती दिसत नसे. चपला पलंगाखाली एका रेषेत. ग्रुपला पाच मिनिटं आधी हजर. शेजारच्या पलंगावरच्या तरुण पोराला गोळ्यांची वेळ तेच आठवून द्यायचे. मी लिहायला दिलेलं सगळं एका छोट्या वहीत सुवाच्य अक्षरात, समास सोडून लिहिलेलं असायचं. झोप लागते का? ‘व्यवस्थित, मॅडम.’ तलफ येते का? ‘नाही, मॅडम.’ एकूण कसं वाटतंय? ‘सगळं ठीक आहे, मॅडम.’

मी फाइलमध्ये ‘सहकार्य उत्तम, प्रगती समाधानकारक’ असं लिहिलं आणि अठ्ठाविसाव्या दिवशी त्यांना घरी सोडलं.

सातव्या दिवशी ते फॉलोअपला आले. कडक इस्त्री, गुळगुळीत दाढी, पाठ ताठ. सगळं ठीक. मी ‘स्थिर’ असा शेरा मारून पुढची तारीख दिली. त्या तारखेला ते वेळेच्या आधीच येऊन बाहेरच्या बाकावर बसले होते आणि तिथेच त्यांना फिट आली. घरी गेल्यापासून तिसऱ्याच दिवशी त्यांनी प्यायला सुरुवात केली होती. रोज पीत होते. पहिल्या फॉलोअपलाही ते आदल्या रात्री पिऊनच आले होते. या वेळी मात्र मॅडमसमोर शुद्धीत जायचं म्हणून त्यांनी आदल्या दिवशी सकाळीच बाटली बंद केली होती.

रोज भरपूर पिणारा माणूस एकदम थांबला, तर शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. हे मला तोंडपाठ होतं. ग्रुपमध्ये मीच शिकवायचे. पण माझ्या अपॉइंटमेंटचा मान राखण्यासाठी कुणी घरच्या घरी दारू तोडेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. नर्स चार पावलांवर होती म्हणून ते वाचले. घरून निघायच्या आधी किंवा रस्त्यात हे झालं असतं तर काय झालं असतं, हा विचार अजूनही मला मध्यरात्री उठवतो.

दुसऱ्या दिवशी माझ्या वरिष्ठांनी ती फाइल मागवली. त्या ओरडल्या नाहीत. पानं उलटत गेल्या आणि म्हणाल्या, ‘या अठ्ठावीस दिवसांत हा माणूस एकदाही नाही कुठे म्हणालाय, ते मला दाखव.’ मी शोधलं. ‘तलफ नाही’, ‘त्रास नाही’ असे नकार पानोपानी होते. पण मी सांगितलेल्या एखाद्या गोष्टीला ‘हे मला जमणार नाही’, ‘हे पटत नाही’, ‘आज यायचं नव्हतं’ असं एकही वाक्य नव्हतं. ती फाइल रुग्णाची नव्हतीच. हुकूम पाळणाऱ्या माणसाच्या हजेरीचा तो कागद होता.

हे असं का होतं, ते नीट समजून घ्या, कारण पुस्तकी उत्तर अपुरं आहे. पुस्तक म्हणेल, नकार, म्हणजे डिनायल. ते खरं नाही. या माणसांनी उमेदीची सगळी वर्षं अशा ठिकाणी काढलेली असतात जिथे कुरकुर केली तर सोबतच्यांवर भार पडतो. ‘ठीक आहे’ हे त्यांच्या लेखी खोटं बोलणं नसतंच. ‘मी अजून उभा आहे, दुसऱ्याकडे बघा’ एवढाच त्याचा अर्थ असतो. आपण ते वैद्यकीय उत्तर म्हणून लिहून घेतो, ही चूक आपली.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. भरती झालेल्या माणसाला आपण काय देतो? ठरलेली उठायची वेळ, ठरलेलं जेवण, कुणीतरी आखलेला दिवस, सोबतीला तशीच माणसं. म्हणजे त्याला आपण त्याची जुनी बराक परत देतो. तिथे तो चांगलाच वागणार, कारण ते जगणं त्याला येतं. त्याला जे येत नाही ते आहे संध्याकाळी पाच ते नऊ, घरात, कुणी काहीही सांगत नसताना. आणि त्याचा सराव आपण अठ्ठावीस दिवसांत एक तासही घेतलेला नसतो.

जागेचा हा परिणाम किती मोठा असतो, ते व्हिएतनाम युद्धाच्या वेळी जगाला दिसलं. १९७१ मध्ये तिथून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी पाठपुरावा केला. साधारण पाचातला एक जण सांगत होता की तिथे असताना आपल्याला अफू-हेरॉइनचं व्यसन जडलं होतं. सगळ्यांना वाटलं, आता हे लोक घरी येऊनही तेच करणार. प्रत्यक्षात त्यांच्यातले सुमारे ५ टक्केच पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात पडले आणि तीन वर्षांत सुमारे १२ टक्के. जागा बदलली, सोबत बदलली, सवयीच्या खुणा पुसल्या गेल्या. यावरून ‘मनात आणलं तर सुटतं’ असा निष्कर्ष काढणारे लोक मला भेटतात आणि त्यांचा मला फार राग येतो. आपल्या विभागात हाच धडा उलटा लागू होतो. आपला रुग्ण वॉर्डात सुटलेला असतो आणि त्याच्या सगळ्या खुणा घरी त्याची वाट बघत असतात.

आता मी काय करते ते सांगते. ‘कसं वाटतंय’ हा प्रश्न मी टाकून दिला आहे. त्याऐवजी ‘रविवारी दुपारी चारनंतर काय केलंत, तासातासाने सांगा’ असं विचारते. तासाचा हिशेब देताना माणूस अडखळतो, आणि जिथे अडखळतो तिथेच काम असतं. घरी सोडण्याआधी एकदा तरी दोन दिवसांच्या रजेवर पाठवते आणि परत आल्यावर काय चुकलं तेवढंच विचारते; ‘काहीच नाही’ म्हणाले तर डिस्चार्जची घाई करत नाही. त्यांची परवानगी घेऊन बायकोशी किंवा घरच्या कुणाशी वेगळं बोलते. फॉलोअपला श्वासाची चाचणी सगळ्यांची घेते, अपवाद न करता, म्हणजे कुणाचा अपमान होत नाही. आणि पहिल्याच दिवशी, डोळ्यांत बघून, एक वाक्य सांगते : ‘घसरलात तर स्वतःहून तोडू नका. प्यायलेले असाल तसेच या.’ हे वाक्य मी जाताना पुन्हा सांगते, कागदावर लिहून देते आणि घरच्यांना पाठ करायला लावते.

हे वाचून घाबरू नका. पहिल्या वर्षी तुमच्याकडूनही कुणीतरी निसटेल. तो तुमच्या नालायकपणाचा पुरावा नाही. घसरण हा या आजाराचाच भाग आहे आणि परत आलेला माणूस पहिल्यापासून सुरू करत नाही. पहिल्या खेपेला शिकलेलं त्याच्याजवळ असतं. ते गृहस्थ पुन्हा भरती झाले, पुन्हा घरी गेले. पुढे एका संध्याकाळी, ओपीडी बंद व्हायच्या सुमारास, दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण तुटलेलं, तोंडाला वास, असे दारात उभे राहिले. ‘मॅडम, आज ठीक नाही.’ मी खुर्ची ओढून दिली. डॉक्टरांना बोलावलं, गोळ्यांच्या आधाराने, देखरेखीखाली तोडायचं ठरलं. त्या दिवशी मी फाइलमध्ये ‘प्रगती’ हा शब्द लिहिला आणि या वेळी तो खरा होता.

आता थोडं इतर. पहिल्या रात्रींबद्दल आधीच सांगून ठेवा. बऱ्याच जणांनी दारू झोपेसाठी धरलेली असते. ती सुटली की दबलेली स्वप्नं उसळून येतात आणि माणसाला वाटतं, उपचारांनी मला बिघडवलं. ‘काही रात्री वाईट जातील, हे अपेक्षित आहे’ एवढं आधी ऐकलेला माणूस सहसा सामान बांधत नाही. अफूवर्गीय नशा करणाऱ्याला मात्र वेगळीच गोष्ट ठणकावून सांगा : थोडे दिवस बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि जुनाच डोस जीव घेतो. घरात नॅलोक्सोन, म्हणजे अफूवर्गीय नशेचा जादा डोस उतरवणारं औषध, ठेवायची व्यवस्था होत असेल तर ती करूनच सोडा.

आत्महत्येचा प्रश्न सरळ विचारा, तोच शब्द वापरून. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. न विचारल्याने तो माणूस एकटा पडतो. घरात शस्त्र आहे का, हेही त्याच दमात विचारा. ज्याला ते वापरता येतं त्याच्या बाबतीत हात आणि शस्त्र यांच्यात चार दरवाजे असणं म्हणजे वेळ मिळणं, आणि अशा रात्री वेळच माणसाला वाचवते. हे काम उद्यावर टाकायचं नाही.

युद्धाच्या आठवणी उकरायची घाई करू नका. मी केली आहे. आपल्याला वाटतं, मूळ घाव उघडला की दारू आपोआप सुटेल. सगळ्यांचा घाव भीतीचाही नसतो. जोनाथन शे या मनोविकारतज्ज्ञाने व्हिएतनामच्या सैनिकांवर उपचार करताना ‘नैतिक जखम’ ही कल्पना मांडली : जे करायला नको होतं ते झालं, किंवा ज्यांच्यावर विश्वास होता त्यांनीच दगा दिला, याचं ओझं. असल्या माणसाला ‘तुमची चूक नव्हती’ असं पहिल्या भेटीत म्हणालात, तर तो दुसऱ्या भेटीला येणार नाही. तुम्हाला काय माहीत कुणाची चूक होती?

आडवाटांबद्दल माझं मत कडक आहे. डायसल्फिराम म्हणजे दारू प्यायली की अंगावर त्रास उठवणारं औषध; घरच्यांनी गुपचूप जेवणात त्याची गोळी कालवणं हा उपचार नाही. रक्तदाब कोसळून माणूस जाऊ शकतो आणि वाचला तर त्या घरात कुणाच्या हातचं खाणार नाही. नातेवाईक तुम्हाला विचारतील, विनवतील. सरळ नाही म्हणा. तासाभराची जोशपूर्ण व्याख्यानंही मी माझ्या विभागात बंद केली. ती ऐकून माजी सैनिक टाळ्या वाजवतात, कारण पाहुण्यासाठी टाळ्या वाजवायची सवय आहे. त्यापेक्षा मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली प्रेरक मुलाखतीची पद्धत, म्हणजे उपदेश न करता बदलाची कारणं रुग्णाच्याच तोंडून येऊ देणं, मन लावून शिका. ती वाचायला सोपी आणि करायला अवघड आहे, कारण समोरच्याला दुरुस्त करायची आपली खोड तिथे आवरावी लागते. दोन दिवसांच्या शिबिरात ती येत नाही. स्वतःची बोलणी, रुग्णाच्या संमतीने, ध्वनिमुद्रित करून कुणाला तरी ऐकवावी लागतात. मला पहिल्यांदा माझा आवाज ऐकून रडू आलं होतं, इतकी मी एकटीच बोलत होते.

मार्गदर्शक निवडताना एवढंच बघा, तो स्वतःची फसलेली केस तुम्हाला सांगतो का. न सांगणाऱ्याकडून फॉर्म भरायला शिका, बाकी काही नको. स्वतः व्यसनातून बाहेर आलेले सहकारी अनमोल असतात. ते जे एका नजरेत ओळखतात ते आपल्याला वर्षभरात कळत नाही. फक्त आपण गेलो तीच एक वाट, असं म्हणणाऱ्याच्या हाती ग्रुप सोपवू नका.

वरिष्ठ झालात की रुग्ण कमी भेटतात आणि बैठका वाढतात. खाटा कुणाला, धोका कुणाला जास्त, कुणाची फाइल अडली. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. जो सापळा मला रुग्णाच्या बाबतीत लागला, तोच आता कनिष्ठ सहकाऱ्यांच्या बाबतीत लागतो. मी विचारते, तुझे रुग्ण कसे आहेत? उत्तर येतं, ‘सगळं ठीक आहे, मॅडम.’ म्हणून आठवड्याच्या बैठकीत मी आधी माझी चुकलेली एक गोष्ट सांगते, मग प्रत्येकाने या आठवड्यात न जमलेली एक सांगायची. पहिले दोन महिने सगळे किरकोळ चुका सांगत होते. तिसऱ्या महिन्यात एक मुलगी म्हणाली की एका रुग्णाची तिला भीती वाटते, म्हणून ती त्याला पाच मिनिटांत उरकते. त्या दिवसापासून त्या बैठकीला अर्थ आला.

रुजू झाल्यावर पहिले पंधरा दिवस बोलायची घाई करू नका. ग्रुपमध्ये मागे बसा. दुपारी रेकॉर्ड रूममधून तीन-चारदा भरती झालेल्यांच्या फायली मागवून घ्या आणि दोन भरतींच्या मधल्या तारखा वाचा. डिस्चार्जच्या शेवटच्या पानावर काय लिहिलं होतं ते बघा, त्यात माणसाचा स्वतःचा एखादा शब्द सापडतो का ते शोधा. माझी ती फाइलही आमच्या विभागात अजून आहे. नाव-गाव झाकून मी ती प्रत्येक नव्या माणसाच्या हातात पहिल्या सोमवारी देते.