जुन्या घराचं छत आणि पन्हळ: गळती पावसाआधी कशी बंद करावी

नागपुरात मृग लागला की महाल, इतवारी, धरमपेठेतल्या जुन्या घरांत बादल्या आणि पराती मांडल्या जातात, आणि नेमका तेव्हाच मिस्त्री मिळत नाही. गळती जूनमध्ये दिसते, पण ती तयार होते एप्रिल-मेच्या उन्हात. हवा ४५ अंशांवर गेली की पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो आणि रात्री निवतो. ६ मीटर लांबीची लोखंडी पन्हळ ५० अंशांच्या फरकाने साधारण साडेतीन मिलिमीटर लांबते आणि आखडते. तेवढीच पीव्हीसीची पन्हळ दोन सेंटिमीटरच्या आसपास हलते. रोजच्या या ताणाने जोड उघडतात, वायसर कडक होतात, सिमेंट तडकतं. म्हणून इथे जोड हलणारच असं धरून काम करा. सिमेंटने बुजवलेली फट पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते.

गळतंय कुठून

थेंब जिथे पडतो तिथेच वर भोक असेल असं नाही. पाणी वाशावरून घसरत चार-पाच फूट खाली येतं आणि मग टपकतं. भर दुपारी माळ्यावर जाऊन दिवा बंद करा. उजेडाचे ठिपके दिसतील तिथे खडूने खूण करा. लाकडावरचे काळे ओघळ कुठून सुरू होतात ते वरच्या दिशेने शोधत जा. मग नळीने पाणी सोडा, पण खालून वर: आधी वळचण, मग मधला भाग, शेवटी आढं. प्रत्येक जागी १०-१५ मिनिटं पाणी चालू ठेवा आणि एकाला आत उभं करा. वरून सुरुवात केली तर सगळं छत एकदम भिजतं आणि काहीच कळत नाही.

ज्या भिंतीला कूलर आहे तिथली ओल आधी वेगळी काढा. टाकी दोन दिवस रिकामी ठेवल्यावर डाग वाढायचा थांबला, तर दोष छताचा नाही.

पन्हळ

पाला आणि गाळ हाताने किंवा खुरप्याने बाहेर काढा. पाण्याच्या जोराने पाईपमध्ये ढकलू नका. कडुलिंबाचा पाला आणि कवेलूची (कौलांची) माती मिळून पाईपच्या वळणात घट्ट बसते. पिंपळाचं रोप दिसलं तर मुळासकट काढा. नुसतं तोडलं तर पुन्हा फुटतं आणि मूळ जोडात शिरतं.

आता उतार बघा. दोन टोकांना दोरी ताणा, लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) पातळी घ्या. दर दहा फुटांना सहा सूत, म्हणजे पाऊण इंच, उतार पाईपकडे हवा. पन्हळीत पाणी साचून राहत असेल तर बहुतेक वेळा मधला एखादा क्लॅम्प वाकलेला असतो. क्लॅम्प दर दोन फुटांवर असावा आणि तो वाशाच्या टोकाला किंवा जाड फळीला पक्का बसलेला असावा. आधी उतार, मग जोड. उलटं केलं तर क्लॅम्प हलवताना नवीन जोड पुन्हा उखडतो.

लोखंडी पन्हळीचा गळका जोड पूर्ण उघडा. तारेच्या ब्रशने गंज काढा, पुसून कोरडं करा आणि झिंक प्रायमर लावा. प्रायमर वाळल्यावर एका पत्र्यावर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटच्या दोन रेघा ओढा, दुसरा पत्रा ४ ते ६ इंच चढवून ठेवा आणि दोन रांगांत दर दीड-दोन इंचांवर पॉप रिव्हेट मारा. वाहत्या पाण्याच्या दिशेने बघितलं तर वरच्या बाजूचा पत्रा वर आणि खालच्या बाजूचा त्याच्याखाली असायला हवा. रिव्हेटच्या डोक्यांवरही सीलंट लावा. ३०० मिलीच्या एका ट्यूबमध्ये आठ-दहा जोड होतात. नुसतं वरून सीलंट थापलं तर ते एका उन्हाळ्यात सुटतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जस्ताच्या पत्र्यावर वापरू नका, त्यातल्या आम्लाने पत्रा गंजतो.

स्क्रूड्रायव्हर दाबल्यावर पत्र्यातून आरपार गेला तर ठिगळ लावू नका. तेवढी पन्हळ २४ गेजच्या पत्र्यातून नवी वाकवून घ्या. पीव्हीसीची पन्हळ बसवायची असेल तर रबरी गॅस्केटचे जोड घ्या आणि जोडावरच्या खुणेपर्यंतच पन्हळ आत सरकवा. सोल्युशनने पक्के चिकटवलेले जोड इथल्या उन्हात फाटतात.

खाली येणारा पाईप ४ इंचीच ठेवा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. तसा पाऊस ६० चौरस मीटरच्या छतावर ६,००० लिटरहून जास्त पाणी ओततो. एवढ्या छताला दोन पाईप हवेत. पाईपचं तोंड पायथ्यापाशी सोडू नका. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि मग भिंतीला तिरप्या भेगा पडतात. हा धोका गळतीपेक्षा मोठा आहे आणि त्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. पाणी निदान चार फूट लांब, नालीत किंवा शोषखड्ड्यात न्या.

टिनाचे पत्रे

हुक-बोल्ट पत्र्याच्या उंचवट्यावर हवा. खोलगट भागात मारलेला बोल्ट गळणारच, कारण पाणी तिथूनच वाहतं. डांबरी वायसर वाळून तडकलेले असतील तर ईपीडीएम रबराचे घाला, आणि नट वायसर चपटं होईपर्यंत आवळू नका. पत्र्यावर पत्रा उताराच्या दिशेने किमान ६ इंच चढलेला असावा. डिश किंवा सोलरच्या पायांसाठी पाडलेली भोकं आठवणीने तपासा.

सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच समजा. ते घासू नका, कापू नका, त्यांना ड्रिल लावू नका. ती धूळ फुप्फुसाला घातक असते. त्यांवर पाय देऊ नका, अचानक फुटतात.

कवेलू

वानरांच्या उड्यांनी फुटलेली कवेलू आधी बदला. नवं घेताना बोटाच्या सांध्याने ठोका: खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर आत तडा आहे. मंगळुरी कवेलू एका चौरस मीटरला साधारण १५ लागतात. दहा टक्के जास्त आणून ठेवा, कारण नव्या मापाचं जुन्याच्या खाचेत बसेलच असं नाही. चढताना वजन वाशावर पडेल अशी आडवी फळी टाका. काम सकाळी नऊच्या आत उरका.

आढ्यावरचं सिमेंट दरवर्षी फुटत असेल तर तिथे सिमेंट, चुना आणि वाळू १:१:६ असा मसाला वापरा. तो निव्वळ सिमेंटपेक्षा मऊ असल्याने कमी तडकतो.

छत भिंतीला टेकतं तिथे मसाल्याचा वाटा, म्हणजे कोपऱ्यात भरलेली तिरकी पट्टी, पुरत नाही. भिंतीवर ६ इंच चढणारा पत्रा लावा, त्याची वरची कड भिंतीत एक इंच खाच पाडून आत घाला आणि खाच सीलंटने भरा.

वासे शेवटी नव्हे, कवेलू उतरवताच बघा. वळचणीकडच्या टोकात टोच्या मारा. तो अर्धा इंच सहज आत गेला किंवा लाकूड भुसभुशीत निघालं, तर कवेलू पुन्हा चढवू नका. आधी सुताराकडून ते टोक कापून जोडून घ्या किंवा वासा बदला. तोवर ताडपत्री टाकून ठेवा, पण ती पन्हळीच्या आत सोडा. बाहेर सोडली तर सगळं पाणी भिंतीवर येतं.