गावात रेस भरवायचीय? मग आधी मैदानाशेजारच्या लोकांना कसं विचारायचं ते वाचा

मातीतली बाईक रेस, जीपचं ऑफरोडिंग, ऑटोक्रॉस (मैदानात आखलेल्या वळणांवरून वेळ लावून गाडी पळवायची), आपल्या मराठवाड्यातल्या पोरांना याचं लै वेड आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद वाटतो, कारण मी स्वतः लहानपणापासून या खेळापायी जीव टाकत आलोय. पण काही वर्षांपूर्वी एका रेसला मी व्हॉलंटियर होतो, गेटच्या बाजूला ड्युटी होती, आणि समोरच्या घरातली एक आजी दुपारी बाहेर येऊन मला म्हणाली, "पोरा, रेस करा नायतर काई करा, पर आदल्या दिवशी येऊन सांगायला काय झालतं? माझ्या सुनेला रात्रीच दवाखान्यातून घरी आणलंय, बाळ चार दिवसाचं हाय." माझ्याकडं उत्तर नव्हतं. तवापासून मी कुणी रेस भरवायची म्हणलं की आधी एकच विचारतो, भिंतीला लागून कोण राहतं ते बघून आलात का?

तर हे कसं करायचं ते सांगतो, म्हणजे लोकांचं खरं मत कसं काढायचं आणि काढल्यावर त्याचं काय करायचं.

पहिल्यांदा डोक्यातून एक काढून टाका, की लोक एकतर रेसच्या बाजूनं असतात नायतर विरोधात. तसं नसतं. ऑस्ट्रेलियातलंच बघा, १९८५ ते १९९५ फॉर्म्युला वन ॲडलेडच्या रस्त्यांवर व्हायची आणि त्या शहरानं ती डोक्यावर घेतली, मग १९९६ पासून तीच रेस मेलबर्नला अल्बर्ट पार्कमधे गेली तर तिथल्या लोकांनी बाग वाचवा म्हणून संघटना काढली आणि झाडांना पिवळ्या फिती बांधल्या. देश तोच, गाड्या त्याच, पण मेलबर्नला लोकांची रोजची फिरायची बाग रेससाठी घेतली गेली. आपल्या जवळचं उदाहरण हैदराबादचं. ११ फेब्रुवारी २०२३ ला हुसेन सागरच्या काठी फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवरच्या गाड्यांची रेस, झाली, जगभर दिसली, आणि त्याच दिवसांत आजूबाजूचे रस्ते बंद असल्यानं लोक तासनतास ट्रॅफिकमधे अडकले. आपल्या नांदेड लातूरची बरीच माणसं दवाखान्याला नोकरीला तिकडंच जातात, त्यांना विचारा, गाडीच्या वेगाबद्दल कुणी बोलत नाही, रस्त्याबद्दल बोलतात. माणसं रेसवर चिडत नाहीत, न विचारता त्यांचा दिवस घेतला यावर चिडतात.

आता कामाला लागा. एक मोठा कागद घ्या आणि मैदान मधे काढून भोवती तीन गोल काढा. पहिल्या गोलात भिंतीला लागून असलेली घरं, दुसऱ्यात साधारण अर्ध्या किलोमीटरपर्यंतची, तिसऱ्यात ज्यांच्या दारासमोरून गर्दी येणार जाणार ती. मग त्यावर दवाखाने, शाळा, क्लासेस, अभ्यासिका, मंदिर मशीद, गोठे, आठवडी बाजाराची जागा असं सगळं टाका. नुसता मोबाईलवरचा नकाशा बघून हे होत नाही, पायी फिरावं लागतं, कारण गोठा आणि पोरींचं हॉस्टेल नकाशावर दिसत नाही.

रॅली, म्हणजे मैदानाबाहेर रस्त्यांवरून होणारी गाड्यांची शर्यत, शेतातून किंवा गावरस्त्यानं जाणार असंल तर हे पायी फिरणं जिवाचं काम आहे, हे मी उगाच म्हणत नाही. २०१९ च्या सप्टेंबरमधे राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅली चालू असताना बंद केलेल्या रस्त्यावर एक कुटुंब दुचाकीवर मधूनच आलं आणि नवरा, बायको, मुलगा तिघंही गेले. आपल्याकडं प्रत्येक बांधावरून एक वाट असते आणि ती कुठं निघते हे तिथल्या माणसालाच माहीत असतं. गावातल्या दोनचार म्हाताऱ्यांना आणि शाळेत सायकलवर जाणाऱ्या पोरांना घेऊन बसा आणि सगळ्या वाटा काढून घ्या, आणि प्रत्येक वाटेवर रेसच्या दिवशी त्याच गावचा माणूस उभा करा, बाहेरचा नको, कारण गावचा माणूस "अण्णा थांबा जरा" म्हणला तर अण्णा थांबतात.

मग तारीख. इथं लै जण चुकतात. फेब्रुवारी मार्चमधे दहावी बारावीची बोर्डाची परीक्षा असते आणि हवा बरी म्हणून रेसवाल्यांना पण तेच महिने पाहिजे असतात. लातूरला तर वर्षभर कुठल्या ना कुठल्या परीक्षेची पोरं खोली घेऊन राहतात, आईबापानं शेत गहाण ठेवून पाठवलेली पोरं असतात ती, त्यांच्या खिडकीखाली दोन दिवस इंजिन रेज केलं तर त्यांनी काय करायचं? पैठणची नाथषष्ठी, खुलताबादचा उरूस, तुळजापूरचं नवरात्र, नांदेडचा होला मोहल्ला, या काळात पोलीस बंदोबस्त तिकडं लागतो आणि रस्ते आधीच भरलेले असतात. लग्नाच्या दाट तिथी पण पंचांगात बघा, मंगल कार्यालय शेजारी असंल तर नक्कीच.

विचारायला कधी जायचं? एकाच वेळी गेलात तर एकाच प्रकारची उत्तरं मिळतात. संध्याकाळी सहाला कट्ट्यावर गेलात तर तरणी पोरं भेटतील आणि सगळे म्हणतील भाऊ लवकर करा. सकाळी दहाला घरी गेलात तर बाया भेटतील, पाणी कवा येतं, लहान लेकरू कवा झोपतं, सासूला श्वासाचा त्रास आहे का हे त्याच सांगतील. वाळूज बजाजनगरकडं तर तिसऱ्या शिफ्टवरून आलेला माणूस सकाळी अकराला गाढ झोपेत असतो, त्याला उठवू नका, दुपारी चारनंतर जा, पण त्याला विचारल्याशिवाय यादी पूर्ण झाली म्हणू नका. आणि हे लोक काही गाडीचे दुष्मन नाहीत, उलट वाळूजला बजाजच्या आणि शेंद्र्याला स्कोडाच्या कारखान्यामुळं कितीतरी घरांची चूल पेटलीय, इंजिनबद्दल त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना झोप पाहिजे एवढंच.

प्रश्न कसा विचारायचा हे फार महत्त्वाचं आहे. "रेसला तुमचा पाठिंबा आहे का" असं कधीच विचारू नका, समोरचा माणूस भिडेखातर "हाव, करा की" म्हणतो आणि तुम्ही ते होकार म्हणून लिहून घेता. त्याऐवजी असं विचारा की त्या रविवारी तुमच्याकडं काय आहे, घरात आजारी किंवा बाळंतीण कुणी आहे का, गाडी कुठून काढता, दूध घालायला कवा निघता, मागं इथं काही कार्यक्रम झाला होता तवा काय त्रास झाला, आणि काय केलं असतं तर चाललं असतं. शेवटचा प्रश्न सोन्याचा आहे, त्यावर माणूस थांबून विचार करतो आणि लै वेळा अगदी साधं सांगतो, की गेटसमोर गाड्या लावू देऊ नका बस. सगळं वहीत लिहा, त्याच्याच शब्दात, आणि घराची खूण टाका म्हणजे नंतर परत जाता येतं. आणि स्टेडियममधली गर्दी किंवा रीलवरचे लाईक म्हणजे शेजाऱ्यांचा होकार नाही, ती माणसं परभणी जालन्याहून येऊन संध्याकाळी घरी जातात.

आता पाणी. मला वाटतं मराठवाड्यात रेस आणि माणसं यांच्यामधे सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. मातीच्या ट्रॅकवर धूळ बसवायला टँकरनं पाणी मारावं लागतं, नाही मारलं तर मागच्या रायडरला दिसत नाही आणि सगळी धूळ शेजारच्या वाळवणावर. पण ज्या लातूरला २०१६ मधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथल्या माणसासमोर तुम्ही मातीवर टँकर ओतलात तर त्याच्या पोटात काय कालवत असंल? आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गल्लीत हे फार लागतं. म्हणून एक तर पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर नोव्हेंबरमधे घ्या, ट्रॅकला काळी माती नको मुरूम टाका, आणि पाणी सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं घ्या आणि टँकरवर मोठ्या अक्षरात लिहा की हे पिण्याचं पाणी नाही. लिहायचंच, कारण न लिहिलेलं कुणाला कळत नाही.

आवाजाचं तोंडी समजावून होत नाही. रेसच्या पंधरा दिवस आधी एक बाईक मैदानात चालू करायला लावा आणि तुम्ही त्या घरांच्या गच्चीवर घरातल्या माणसांसोबत उभं राहा. कायद्यानं राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते ६, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीचा १०० मीटर शांतता क्षेत्र. मोबाईलमधलं ॲप अगदी अचूक नसतं पण तुलना करायला पुरतं, १० डेसिबल वाढले की कानाला साधारण दुप्पट वाटतं हे ध्यानात ठेवा. जास्त येत असंल तर वेळ कमी करा, दुपारी दोन तास पूर्ण बंद ठेवा, नायतर सरळ जागा बदला, एमआयडीसीकडं मोकळ्या जागा असतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत घ्यायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार राज्य सरकारची लेखी परवानगी लागते, नाहीतर गुन्हा आहे, आणि खेळाची परवानगी एफएमएससीआय या राष्ट्रीय फेडरेशनकडून घ्यायची. चेन्नईला २०२४ मधे रस्त्यावरची फॉर्म्युला फोर झाली तर त्याआधी प्रकरण हायकोर्टात गेलं होतं आणि अटींवरच परवानगी मिळाली, म्हणजे परवानगी आहे म्हणून लोक गप्प बसतील असं धरू नका.

अजून एक, जे आयोजक कधीच मोजत नाहीत. रेस संपली की बघायला आलेली पोरं फटाके फोडणारे सायलेन्सर लावून गल्लीतून गाड्या पळवतात, आणि वस्तीतल्या माणसांचा खरा राग यांच्यावर असतो, ट्रॅकवरच्या रायडरवर नाही, त्यानं तर हेल्मेट, गार्ड सगळं घातलेलं असतं. पण नाव रेसचंच खराब होतं. म्हणून असल्या सायलेन्सरच्या गाडीला पार्किंगमधे घ्यायचंच नाही हे आधीच पोस्टरवर छापा, बाहेर पडायच्या दोन्ही रस्त्यांवर पोलीस मागून घ्या, आणि बक्षीस समारंभात जिंकलेल्या रायडरकडूनच पोरांना सांगायला लावा की घरी सावकाश जा. आपण बोललं तर ऐकत नाहीत, त्याचं ऐकतात.

हे सगळं झालं की एक साधा कागद छापा. त्यावर सुरू होण्याची आणि बंद होण्याची वेळ, कुठला रस्ता कवा बंद, ॲम्ब्युलन्ससाठी कुठली बाजू मोकळी, आणि असा फोन नंबर जो त्या दिवशी खरंच कुणीतरी उचलंल. मराठीत छापा, जिथं लागंल तिथं उर्दूत पण. पाकिटात घालून दाराला अडकवू नका, हातात द्या आणि वाचून दाखवा. जे जमणार नाही ते पण सांगा, की काकू आवाज तर येणारच, पण एक ते तीन बंद ठेवू.

रेस झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू घेऊन रस्ता साफ करा आणि चारपाच दिवसांनी तीच वही घेऊन त्याच घरी परत जा, तेच प्रश्न विचारा. आधी काय म्हणाले आणि आता काय म्हणतात हे शेजारी शेजारी लिहिलं की पुढच्या वर्षीचं अर्धं नियोजन तिथंच होतं. मी पुढच्या वेळी त्या आजीच्या घरी पंधरा दिवस आधी गेलो होतो. बाळ रांगत होतं. तिनं चहा दिला आणि म्हणाली दुपारी लेकरू झोपतं तेवढं सोडा, आम्ही एक ते तीन ट्रॅक बंद ठेवला, आणि चार वाजता ती नातवाला कडेवर घेऊन गेटपाशी बघायला उभी होती.