पेज अर्धवट लोड होऊन अडकतंय? कॅशे पुसायच्या आधी हे वाचा आणि या चुका टाळा

ब्राउझर गोल गोल फिरत बसला की आपल्याकडे क्रम ठरलेला आहे. आधी कॅशे पुसायचा, मग राउटरचा प्लग काढून दहा आकडे मोजायचे, मग ब्राउझर काढून परत टाकायचा, आणि तरी नाही झालं तर घरातला जो कोणी "कॉम्प्युटरवाला" असेल त्याला हाक मारायची. कधी कधी यातलं काहीतरी चालून जातं पण नेमकं कशामुळे चाललं ते कळत नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात तोच खेळ परत सुरू.

सगळ्यात मोठी चूक हीच की पेज कुठे अडकलंय ते न बघताच उपाय सुरू होतात. पेज उघडणं हे एक काम नाहीये. आधी साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवरचा आकड्यांचा पत्ता, शोधला जातो, मग त्या पत्त्याशी कनेक्शन, मग सुरक्षित कनेक्शनची बोलणी, मग सर्व्हरच्या उत्तराची वाट बघणं आणि मग कुठे फोटो-मजकूर यायला लागतो. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये डाव्या बाजूला अगदी खाली एक बारीक राखाडी पट्टी येते, तिच्यात हे सगळं लिहून येत असतं: "रिझॉल्व्हिंग होस्ट", "एस्टॅब्लिशिंग सिक्युअर कनेक्शन", "वेटिंग फॉर अमुक तमुक". फायरफॉक्समध्ये "लुकिंग अप", "परफॉर्मिंग अ टीएलएस हँडशेक" असं येतं. ती पट्टी वाचा, बास. पुढचं सगळं तिच्यावर ठरतं. मोबाईलवर ही सोय नाही, तिथे वायफाय बंद करून मोबाईल डेटावर तीच साइट उघडून बघायची, एवढ्यानेच घोळ नेटचा आहे का फोनचा हे बऱ्यापैकी कळतं.

कॅशे पुसणे हा पहिला उपाय नाही

कॅशे म्हणजे साइटचे लोगो, फॉन्ट, कोड वगैरे आधीच उतरवून ठेवलेलं सामान. ते पुसलं की पुढच्या वेळी सगळं नव्याने उतरवावं लागतं, म्हणजे नेट स्लो असेल तर पेज अजूनच रडत उघडणार. त्यात लोक घाईत "ऑल टाइम" निवडतात आणि कुकीजवरही, म्हणजे लॉगिन वगैरे लक्षात ठेवणाऱ्या बारीक फाइलींवरही, टिक ठेवतात, मग मेल, बँक, शॉपिंग सगळीकडून लॉगआउट, आणि पुढचा अर्धा तास ओटीपी टाकण्यात. ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये जाऊन पासवर्डवर पण टिक करणारे महाभाग असतात, त्यांच्याबद्दल काय बोलायचं.

त्याऐवजी आधी कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा, म्हणजे फक्त तेवढं एक पेज कॅशेला बाजूला ठेवून नव्याने येतं. मग तीच साइट इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खासगी विंडोमध्ये, उघडा. तिथे एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम, सहसा बंद असतात आणि जुन्या कुकीज नसतात, त्यामुळे इन्कॉग्निटोमध्ये साइट झटकन उघडली तर नेट, राउटर, वायर यांना हात लावायची गरजच नाही, चोर एक्स्टेन्शन तरी आहे नाहीतर त्या साइटच्या कुकीज तरी. कुकीज असतील तर ॲड्रेसच्या डाव्या बाजूच्या चिन्हावर क्लिक करून फक्त त्या साइटचा डेटा उडवा, बाकीच्या दुनियेला त्रास कशाला.

एक्स्टेन्शनच्या बाबतीत सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे दोन-दोन ॲड ब्लॉकर एकत्र, वर एक फुकटचा व्हीपीएन आणि कधीतरी एका कामासाठी टाकलेला पीडीएफ कन्व्हर्टर. सगळी बंद करा, मग अर्धी चालू करा, परत अडकलं तर त्या अर्ध्यातलंच कोणीतरी, नाही अडकलं तर उरलेल्यातलं. एकेक करत बसण्यापेक्षा हे लवकर संपतं.

डीएनएस बदलला की स्पीड वाढतो ही अफवा

पट्टीत "रिझॉल्व्हिंग होस्ट" वरच घोडं अडत असेल तरच डीएनएसकडे, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरकडे, बघा. गुगलचा ८.८.८.८ हा २००९ च्या डिसेंबरपासून आहे आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा १ एप्रिल २०१८ ला आला, दोन्ही चांगले आहेत, लोकल केबलवाल्याचा सर्व्हर दुपारी झोपत असेल तर खरंच फरक पडतो. पण डीएनएसचं काम पत्ता सांगून संपतं, व्हिडिओ त्याच्यामुळे फास्ट उतरत नाही. आणि अजून एक, तुम्ही विंडोजमध्ये डीएनएस बदलता पण ब्राउझरच्या आत "सिक्युअर डीएनएस" नावाची वेगळी सेटिंग असते, तिथे दुसराच सर्व्हर घातलेला असेल तर ब्राउझर त्यालाच विचारत राहतो, आणि आपण म्हणतो बदलून काही उपयोग नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर तर हे उद्योग करूच नका, ऑफिसच्या आतल्या साइट बाहेरच्या डीएनएसला माहीतच नसतात, त्या सगळ्या बंद पडतील आणि आयटीवाला तुम्हालाच शोधत येईल.

याच्या शेजारचाच पण कोणाच्या लक्षात न येणारा प्रकार म्हणजे प्रॉक्सी, ब्राउझर आणि साइट यांच्या मधला मध्यस्थ सर्व्हर. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली प्रॉक्सी उघडलं की "ऑटोमॅटिकली डिटेक्ट सेटिंग्ज" असं बटण असतं. काही नेटवर्कवर ब्राउझर या प्रॉक्सीच्या शोधातच काही सेकंद घालवतो आणि मग पेजला सुरुवात करतो. व्हीपीएन अनइन्स्टॉल केल्यावर त्याचा प्रॉक्सी पत्ता मागे राहून गेला असेल तर मग काहीच उघडत नाही. घरच्या कॉम्प्युटरवर प्रॉक्सी लागत नाही, ते ऑटोमॅटिक बटण आणि मागे राहिलेला प्रॉक्सी पत्ता दोन्ही बंद करा.

काही साइट पळतात, काही जागच्या हलत नाहीत

हा सगळ्यात डोकेदुखीचा प्रकार, म्हणून जरा सविस्तर. स्पीड टेस्ट केली तर पूर्ण शंभर एमबीपीएस, यूट्यूब मस्त चालतंय, पण एखादी बँकेची नाहीतर सरकारी साइट "एस्टॅब्लिशिंग सिक्युअर कनेक्शन" वर जाऊन बसते ती बसतेच, आणि मोबाईल डेटावर तीच साइट लगेच उघडते. अशा वेळी लोक साइटला शिव्या घालतात, पण बऱ्याचदा भानगड एमटीयूची असते.

नेटवरून डेटा तुकड्या-तुकड्यांनी जातो, त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात, आणि एमटीयू म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार. इथरनेटवर तो १५०० बाइट्स असतो. आपल्याकडे बरीच फायबर कनेक्शन्स पीपीपीओई वर चालतात, म्हणजे राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकून डायल करावं लागतं ती, आणि त्यात ८ बाइट्स त्या पीपीपीओईच्याच जातात, उरतात १४९२. आता समोरच्या सर्व्हरने १५०० चं पॅकेट पाठवलं आणि त्यावर "तोडू नये" असं लिहिलेलं असेल तर मधल्या राउटरने परत निरोप द्यायला हवा की बाबा, मोठं आहे, लहान करून पाठव. पण काही ठिकाणी सुरक्षेच्या नावाखाली हे आयसीएमपीचे निरोपच अडवून ठेवतात. मग रेल्वेपुलाखालच्या लोखंडी कमानीला ट्रक अडकावा आणि मागच्यांना कोणी सांगूच नये तसं होतं, सर्व्हर तेच पॅकेट परत परत पाठवतो आणि ब्राउझर वाट बघत बसतो. सुरुवातीची पॅकेट लहान असतात म्हणून कनेक्शन जोडलं जातं, पण सर्व्हर सर्टिफिकेट पाठवायला लागला की मोठी पॅकेट निघतात आणि तिथेच गाडी थांबते.

तपासायला विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, पिंग लिहून पुढे मायनस एफ, मायनस एल १४७२ आणि शेवटी ८.८.८.८ टाका. १४७२ मध्ये हेडरचे, म्हणजे पॅकेटवरच्या पत्त्याच्या मजकुराचे, २८ मिळवले की १५०० होतात. पीपीपीओई वर हे जाणार नाही, तिथे १४६४ गेलं पाहिजे. तेही जात नसेल तर आकडा कमी करत जा, जो जाईल त्यात २८ मिळवा आणि तो आकडा राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या नेटच्या, सेटिंगमध्ये एमटीयू म्हणून टाका. केबलवाल्याच्या डब्याच्या मागे स्वतःचा नवीन राउटर लावल्यावर हा त्रास सुरू झाला असेल तर पहिलं इथेच बघा.

याच्यात २०२४ पासून अजून एक भर पडलीय. एप्रिल २०२४ मध्ये क्रोम १२४ आलं तेव्हापासून कॉम्प्युटरवर सुरक्षित कनेक्शनची नवी, क्वांटम कॉम्प्युटरलाही दाद न देणारी पद्धत बाय डीफॉल्ट चालू झाली, आणि त्यामुळे ब्राउझरचा पहिलाच "नमस्कार" एका पॅकेटमध्ये मावेनासा झाला. काही जुने फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवर पहारा देणारी यंत्रणा, आणि सर्व्हर दोन तुकड्यांत आलेला नमस्कार धड वाचत नाहीत आणि कनेक्शन लटकतं. म्हणजे जुन्या ब्राउझरमध्ये साइट उघडते पण नव्यात नाही असं उलटं चित्र दिसतं. यावर उपाय म्हणून जुनं ब्राउझर वापरत बसू नका, फायरवॉल कॉलेजचा किंवा ऑफिसचा असेल तर तिथल्या ॲडमिनला अपडेट करायला सांगा.

आयपीव्ही-६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत, जुनी ती आयपीव्ही-४) बंद करा हा सल्ला पण अजून फिरतोय. तो पंधरा वर्षांपूर्वी ठीक होता. आताचे ब्राउझर आयपीव्ही-६ वर साधारण पाव सेकंदात उत्तर आलं नाही तर लगेच आयपीव्ही-४ वरून प्रयत्न करतात, त्यामुळे नुसतं ते चालू आहे म्हणून पेज अडकत नाही. फक्त ही हुशारी कनेक्शन जुळेपर्यंतच, एकदा जुळलं आणि मग वरचा एमटीयूचा घोळ झाला तर ती कामाला येत नाही.

सगळ्याच साइट अडकल्या तर लगेच फॉरमॅट मारू नका

१३ जानेवारी २०२२ ला जगभरातले फायरफॉक्स अचानक ठप्प झाले होते. कुठलीच साइट उघडेना, बंद करून चालू केलं तरी तेच. कितीतरी लोकांनी इन्स्टॉल-अनइन्स्टॉल केलं, पण दोष त्यांच्या कॉम्प्युटरचा नव्हताच. फायरफॉक्सच्या एचटीटीपी-३ च्या, म्हणजे ब्राउझर आणि साइट यांच्या बोलण्याच्या नव्या पद्धतीच्या, कोडमध्ये एक बग लपून बसला होता, हेडरमधली अक्षरं लहान का मोठी यावरून गडबड व्हायची, आणि त्या दिवशी फायरफॉक्स बनवणारी मोझिला ज्या क्लाउडवर होती तिथे लोड बॅलन्सरची (सर्व्हरमध्ये काम वाटून देणाऱ्या यंत्रणेची) सेटिंग बदलल्यावर तो बाहेर आला. ब्राउझरमधला नेटवर्कचं काम करणारा भाग अनंत फेऱ्यांत अडकला आणि त्याच्या मागे सगळ्या साइट रांगेत उभ्या. एचटीटीपी-३ बंद केलं की चालू व्हायचं, आणि मग तिकडून क्लाउडची सेटिंग मागे घेतली गेली.

सांगायचा मुद्दा, एका ब्राउझरमध्ये काहीच चालत नाही तेव्हा आधी दुसरा ब्राउझर उघडून बघा. तिथे सगळं चालत असेल तर राउटरला रिसेट मारून वायफायचा पासवर्ड आणि पीपीपीओईचं युजरनेम घालवू नका. आणि प्रोफाइलचं फोल्डर तर अजिबात डिलीट करू नका, बुकमार्क, पासवर्ड सगळे त्यातच असतात.

एफ-५ वर हातोडा मारणे

पट्टीत "वेटिंग फॉर" असं येऊन थांबलं असेल तर बहुतेक वेळा तुमचं काम झालेलं असतं, उशीर समोरून आहे. दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एकला किंवा तत्काळ तिकिटाला सकाळी दहाला कोणाचंही ब्राउझर बिघडलेलं नसतं. तेव्हा रिफ्रेश मारलं की तुमची पोहोचलेली विनंती सोडून नवीन विनंती परत शेपटाला जाते. पेमेंटच्या पेजवर तर रिफ्रेश नकोच, पैसे कापले गेले का नाही याचा पत्ता लागेपर्यंत जेवण गोड लागत नाही.

आणि त्याच साइटचे दहा टॅब उघडले तर? जुन्या एचटीटीपी-१.१ वरच्या साइटशी क्रोम एका वेळी सहाच कनेक्शन ठेवतं. टॅब दहा असले तरी कनेक्शन तीच सहा, बाकीचे आपापसात अडून बसतात आणि पट्टीत "वेटिंग फॉर अव्हेलेबल सॉकेट" येतं. खात्री करायची असेल तर एफ-१२ दाबून नेटवर्क टॅबमध्ये जा, पेज रीलोड करा आणि कुठल्याही ओळीवर क्लिक करून टायमिंग बघा, "स्टॉल्ड" मध्ये वेळ गेलाय का "वेटिंग" मध्ये ते स्वच्छ दिसतं. पहिलं मोठं असेल तर अडचण तुमच्या बाजूला, दुसरं असेल तर सहसा सर्व्हरकडे.

नेट ठीक, सर्व्हर ठीक आणि तरी पेज पांढरं राहत असेल तर मशीन बघा. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम १०९ पर्यंतच मिळतं, फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० आलं तेव्हा त्यांचा सपोर्ट संपला, त्यामुळे नव्या साइटचा कोड तिथे अर्धवट चालतो आणि पेज उगाच अडकल्यासारखं दिसतं, तिथे कॅशे पुसून काय होणार. चार जीबी रॅमवर चाळीस टॅब असतील तर शिफ्ट-एस्केप दाबून क्रोमचा टास्क मॅनेजर उघडा, कोण किती खातंय ते ओळीने दिसेल, वरचे दोन बंद करा. स्टेशन किंवा हॉटेलच्या वायफायवर सगळं अडकत असेल तर लॉगिनचं पेज वर आलेलंच नसतं, एखादी साधी, कुलूप नसलेली एचटीटीपी साइट उघडली की ते येतं.

"पीसी बूस्टर", "ब्राउझर क्लीनर" असलं काही उतरवू नका, त्यातलं बरंचसं स्वतःच जाहिराती घुसवून ब्राउझर अडवणारं असतं. आणि गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन लावू नका, खोटे नंबर वर आणून ठेवणारे टपून बसलेत, स्क्रीन शेअरचं ॲप टाका म्हणाले की फोन ठेवा, आणि पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा. नेटवाल्याचा नंबर बिलावर असतो. त्याला "नेट चालत नाही" एवढंच सांगितलं तर तो राउटर बंद-चालू करायलाच सांगणार, त्यापेक्षा कुठली साइट, किती वाजता, पट्टीत काय लिहून येतं, मोबाईल डेटावर उघडते का आणि पिंगला कुठला आकडा गेला हे सांगा, म्हणजे तक्रार पुढच्या माणसाकडे जाते.