जत्रेच्या नाटकाचा मुकुट: आधी पात्र बघा, मग डोकं मापा

जत्रेचं नाटक ठरलं की विष्णू असो, देवी असो नाहीतर शंकर, सगळ्यांच्या डोक्यावर बाजारातला तोच एक सोनेरी मुकुट चढतो. तसं नका करू.

विष्णूला किरीट, म्हणजे उंच आणि वर निमुळता. देवीला करंडमुकुट, बुटका, वर लहान होत जाणाऱ्या गोल थरांचा. शंकराला जटामुकुट, तिथे जटाच वर बांधायच्या, बेगड नको. शंकराला झगमगीत किरीट घातलेला बघितला की माझं डोकंच फिरतं. ऐतिहासिक नाटकात महाराजांना जिरेटोप. लग्नाच्या प्रवेशात नवऱ्याच्या कपाळावर बाशिंग, मुंडावळ्या दोघांनाही. वनदेवी असेल तर गोव्यात सांजांवाच्या सणाला घालतात तसलं पानाफुलांचं कोपेल, म्हणजे डोक्यावरचं कडं, मस्त दिसतं, पण ताजंच करा.

किरीट करायचा तर बायंडिंगचा जाड पुठ्ठा घ्या, खोक्याचा नको, तो घामाने मऊ पडतो. वरचा निमुळता भाग कापून, वळवून चिकटवा, ते कोणालाही जमतं.

खरी गोम खालच्या पट्टीत आहे. बरेच जण नुसत्या डोक्याचं माप घेतात आणि ऐनवेळी खाली केसांचा टोप आला की मुकुट बसतच नाही, म्हणून माप टोप घालूनच घ्या, पात्र करणाऱ्याला बोलवा, दुसऱ्याच्या डोक्यावर भागवू नका. दुसरं म्हणजे पट्टी गोल करू नका. डोकं गोल नसतं, पुढून मागे लांब असतं. गोल पट्टी कपाळावर रुतते आणि कानांच्या वर मोकळी राहते, मग लोक कपाळाशी स्पंज कोंबतात आणि ते आणखीच रुततं. पट्टी डोक्यावरच दाबून लांबट करा, क्लिपा लावा, मग चिकटवा, आणि स्पंज फक्त कानांच्या वर. पुढे भुवयांच्या दोन बोटं वर, मागे मात्र कवटीचा फुगवटा संपतो तिथपर्यंत खाली उतरू दे, तिथेच मुकुट अडकून राहतो. आणि हनुवटीखाली इलॅस्टिक अजिबात नको, तोंड उघडलं की ते ओढतं आणि गाणं म्हणणाऱ्याचे हाल होतात. कानांच्या मागे सुती नाड्या लावून टोपाच्या केसांखाली गाठ मारा.

फेविकॉल पूर्ण वाळू द्या, आमच्या दमट हवेत रात्रभर ठेवलेलं बरं. मग वरचा भाग पट्टीत बसवा आणि सजावटीआधी घालून बघा: वाकून नमस्कार, मान मागे टाकून राक्षसी हास्य, एक गिरकी. हलला तर नाड्यांची जागा बदला, स्पंज वाढवू नका.

बेगड, मणी, टिकल्या तुमच्या आवडीने. आरसे लावणार असाल तर बाजूला लावा, समोर लावले की हॅलोजनचा उजेड थेट पहिल्या रांगेच्या डोळ्यात जातो.